ऐकू न येणारा भाग

"कानाले जे आयकू येत नाई, ते हे मशीन फेकून देते आबा," असे मंजुषा सहज बोलून गेली आणि चंद्रभानने ओठांजवळ नेलेली चहाची बशी तिथेच थांबली. रविवारची सकाळ होती. वर्ध्याच्या रेल्वे लाइनीपलीकडच्या त्यांच्या घरात मागच्या खोलीत ऊन आले होते. नात खाटेवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये एक काळीकुट्ट खिडकी उघडी होती. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती पांढरी अक्षरे. मंजुषा अक्षरांची एक ओळ लिहायची, एक बटण दाबायची, की खालून भराभर अक्षरांच्या मुंग्या निघायच्या आणि काम होऊन जायचे. चंद्रभानला ही खिडकी फार आवडली होती. त्याने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ज्या पाटीवर पहिले अक्षर काढले, ती पाटी अशीच होती. काळी, आणि लिहिल्याशिवाय काही न देणारी.

"फेकते म्हणजे कुठी फेकते?" त्याने विचारले.

"कुठीच नाई. ठेवतच नाई ते. आता पाहा, बँड वाजून राह्यला अन् तुम्ही माह्या कानात काई सांगतलं, तं मले आयकू येईन का? नाई ना. मंग ते ठेवून काय कामाचं? मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज दबला, तो मशीन काढून टाकते. म्हणून तं सहाशे एमबीचं दहा होते."

चंद्रभानने बशी खाली ठेवली. बँडखाली दबलेला बारीक आवाज म्हटल्यावर त्याच्यापुढे दुसरे कोण उभे राहणार? त्याची बायको वच्छला सगळा जन्म त्याच आवाजात बोलली होती. तिचा बाप जिनिंगमध्ये रात्रीचा चौकीदार होता. तो दिवसा झोपायचा, म्हणून त्या घरातली पाचही लेकरे दिवसभर कुजबुजत वाढली. लग्न होऊन आली तरी ती सवय गेली नाही. बाजारात वांगीवाली तिला तीनदा विचारायची, काय म्हणता बाई? सासू म्हणायची, ही पोरगी मुकी का देली आपल्याले? आणि चंद्रभानचा आवाज असा, की तो आंगणात खाकरला तर पिंपळावरचे बगळे उडत. दोघे चार माणसांत बसले की लोकांना त्याचेच बोलणे ऐकू यायचे. वच्छलाला जाऊन सहा वर्षे झाली होती आणि तिचा आवाज कुठेच उरला नव्हता. फोन आला की ती तो दुसऱ्याच्या हातात द्यायची. पुतणीच्या लग्नातल्या एका व्हिडिओत तिचे तोंड हलताना दिसते, पण वरून डीजे वाजतो आहे. उरले होते ते एवढेच. तेहतीस वर्षांपूर्वीच्या एका कॅसेटमध्ये, चंद्रभानच्या वाचनाच्या मधोमध, तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आहेत. ती जागा त्याला पाठ होती. त्या जागेसाठी तो कॅसेट लावायचा. लोकांना वाटायचे, म्हाताऱ्याला स्वतःचे वाचन ऐकायची हौस आहे. तीही होती, नव्हती असे नाही.

त्या वाचनाची गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती, की घरातली भांडीसुद्धा ती पुढे सांगू शकली असती. समुद्रपूरकडच्या त्यांच्या गावात साक्षरतेची मोहीम आली तेव्हा दहावी झालेली एकोणीस वर्षांची छाया नावाची पोरगी वर्ग घ्यायची. विहारासमोरच्या ओट्यावर एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. वावरातून आलेले लोक, हाताला कपाशीच्या बोंडांचे ओरखडे. त्या हातात खडू धरला की तो खडू म्हणायचा, मी तुटतो. तपासणीच्या दिवशी भर दुपारी एक साहेब आले. छायाने कुठून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता. तो बायांच्या अंगाला एका स्टुलावर ठेवला, कारण पुरुषांच्या अंगाला जागा नव्हती. साहेबांनी पुस्तक उघडले ते नेमके न शिकवलेले पान. म्हणाले, वाचा कोणी. सगळे पुरुष आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. तेव्हा चंद्रभान उठला, बायांच्या अंगाला त्या स्टुलाजवळ पुस्तक धरून उभा राहिला आणि त्याने ते पान वाचले. विहिरीचे पाणी गाळून प्यावे, असा धडा. हळूहळू वाचला, एकेका शब्दाआधी थांबत, पण एक चूक नाही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची ऊब त्याने वर्ध्याला आणली, एका शाळेत शिपाई म्हणून लागला, बावीस वर्षे वर्गावर्गात नोटीस वाचली. वाचण्याआधी थोडे थांबायची त्याची लकब पोरांनी उचलली होती. मुख्याध्यापक म्हणायचे, चंद्रभान, तुमच्या वाचनाला वजन आहे. आणि आता गावाहून विहार कमिटीच्या नत्थूचा फोन आला होता. विहाराला लागून वाचनालय बांधले आहे, पुढच्या रविवारी उद्घाटन. "तुमच्याच हातानं करायचं हाय चंद्रभानजी. गावात पहिला वाचणारा माणूस तुम्हीच. अन् ते तुमची कॅसेट लावू आपण भोंग्यावर. फोनवर पाठवजा. पण लहान करून पाठवजा बरं, पंधरा एमबीच्या वर काई येत नाई इकडे. रेंज पाह्यली तं पाण्याच्या टाकीवर चढा लागते."

म्हणून मंजुषाने, घरच्या टेपला लॅपटॉपची तार लागेना तेव्हा, मैत्रिणीच्या वडिलांचा कॅसेट प्लेअर आणून दोन दिवस खपून सगळी कॅसेट लॅपटॉपमध्ये ओढून घेतली होती. आणि आता ती तिला लहान करत होती.

"झालं आबा. आयका."

त्याने ऐकले. त्याचाच आवाज, पण धुऊन वाळत घातल्यासारखा. कॅसेटची ती कायमची खरखर गेली होती. वि-हि-री-चे. पाणी. भारदस्त वाटत होते. मग ती जागा आली. 'पाणी' आणि 'गाळून' यांच्यामध्ये तो बराच थांबतो ती जागा. या थांबण्याबद्दल तो लोकांना सांगायचा, की ऐकणाऱ्याला जरा विचार करायला वेळ द्यावा लागतो. त्याने कान टवकारले. काहीच नाही. स्वच्छ, सारवलेल्या आंगणासारखी शांतता, आणि मग दणदणीत 'गाळून'.

"बांगड्या कुठी गेल्या?" त्याने विचारले.

"कोणत्या बांगड्या?"

"तुह्या आजीच्या. तिथी बांगड्या वाजते."

मंजुषाने त्याच्याकडे पाहिले. मग तिने स्वतःचे जाडजूड हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले, कानांवरच्या त्यांच्या गाद्या सारख्या केल्या आणि मूळ फाइल लावली. ती सहाशे एमबीची, काही न फेकलेली.

पहिल्यांदा खरखर आली आणि त्याला हायसे वाटले. खरखरीत ओटा होता, ओट्यावरचे ऊन होते, लांब कुठे बैलाच्या गळ्यातली घंटी होती. कोणी तरी नाक ओढले. त्याच्या घरच्या, एकच भोंगा असलेल्या टेपवर हे कधीच ऐकू आले नव्हते. साहेब म्हणाले, हं. आणि चंद्रभानने तोंड उघडण्याआधी, उजव्या कानात, अगदी कानाच्या पाळीला लागून, कोणी तरी म्हणाले, "विहिरीचे."

"विहिरीचे," चंद्रभान गरजला.

"पाणी," उजव्या कानात.

"पाणी."

मग उजव्या कानात काहीच नाही. थांबणे. त्याच्या अंगावर काटा आला, कारण आता त्याला कळले होते की तो कशासाठी थांबला आहे. बांगड्या वाजल्या. कोणी तरी पुढे वाकले, पान नीट दिसावे म्हणून. लुगडे सरसरले. "गा-ळू-न," उजव्या कानात, जरा धापेने.

"गाळून," चंद्रभान गरजला.

त्याने सगळे पान ऐकले. एक शब्द असा नव्हता जो आधी तिने म्हटला नाही आणि मग त्याने. शेवटी साहेब म्हणाले, शाब्बास. उजव्या कानात एक बारीक श्वास सुटला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर सुटतो तसा.

"आहेत का?" मंजुषाने त्याचा एक कान उघडा करून विचारले.

"आहेत," चंद्रभान म्हणाला. आणि शाळेच्या पेरूच्या झाडाखाली पोरगा सापडावा तसा तो पायात चपला घालून घराबाहेर निघून गेला.

लाइनीकाठच्या लिंबाखाली तो बसला. एक मालगाडी गेली, कोळशाची, लांबच लांब, आणि ती जाईपर्यंत त्याला काही विचार करावा लागला नाही. मग करावा लागला. राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडेना. लाज मात्र होती आणि ती गुदगुल्यांसारखी वाटत होती. वच्छला वाचत होती. न शिकवलेले पान वाचत होती, ते पण लांबून, बाजूने, पदराआडून. आणि कानावर पडलेला तो शब्द आपल्याच डोक्यात उगवला, असे तो तेहतीस वर्षे धरून चालला होता. वर्गात तिची पाळी आली की मान खाली घालून नाही म्हणायची आणि छाया पुढे जायची. आणि मग पुढची सत्तावीस वर्षे? जामच्या चौकात उभे राहायचे, नागपूरकडून एसटी यायची, वच्छला विचारायची, "आयकलं का, कोणती गाडी व्हय?" तो छाती काढून पाटी वाचायचा, हिंगणघाट. आता त्याला स्पष्ट आठवले, की तो वाचेपर्यंत तिने पिशवी उचललेली असायची. गाडी आपली नसली तर पिशवी खालीच असायची. पोराचे पत्र आले की ती त्याच्यासमोर उघडायची, म्हणायची, वाचून दाखवा. आणि तो वाचताना ती हसण्याच्या जागेच्या अगोदरच हसून घ्यायची. त्याला वाटायचे, बाई भोळी आहे, आवाज ऐकूनच खूश होते. औषधाच्या बाटलीवरचे त्याने चुकीचे वाचले होते एकदा, दोन चमचे. तिने एकच घेतला होता. वर म्हणाली होती, मले दुसऱ्या चमच्यानं मळमळते. चंद्रभान लिंबाखाली एकटाच हसला. समोरून सायकलवर चाललेल्या माणसाने मागे वळून पाहिले.

पण मग हसू आवरले आणि खरी गोष्ट पुढे येऊन बसली. मंजुषाची ती लहान फाइल तयार होती. नत्थूला ती आताच्या आता जाऊ शकत होती. त्यात खरखर नव्हती, बैल नव्हता, बांगड्या नव्हत्या आणि वच्छला नव्हती. नुसता चंद्रभान होता, गावातला पहिला वाचणारा, एकाही चुकीशिवाय. मशीनने आपल्या मनाने त्याची बाजू घेतली होती. त्याने काही करायचेच नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. पण त्या विहाराच्या भोंग्यावर वच्छला बोलली असती तर? आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज सगळ्या गावाने ऐकला असता. आणि त्याच क्षणी सगळ्या गावाने चंद्रभानलाही ऐकले असते, म्हातारपणी, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, फीत कापायची कात्री हातात घेऊन. दोन्ही एकदम. एक ठेवून दुसरे फेकता येत नव्हते. तेवढे बारीक काम त्या मशीनला येत असेल असे त्याला वाटले नाही, आणि येत असते तरी सांगायला जीभ उचलली नसती.

साहेबांचा हात त्याला खांद्यावर जाणवला. तो हात आता कोणाचा होता? तेहतीस वर्षे तो दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात घेऊन फिरत होता आणि त्या दुसऱ्या माणसाने एकदाही तो परत मागितला नव्हता. उलट वेळोवेळी सारखा करून दिला होता. लिंबाची एक काडी त्याने तोंडात धरली. कडू लागली, तरी चावत राहिला. काडी संपली तेव्हा तो उठला.

घरी मंजुषाने भाकर वाढून ठेवली होती. तो जेवला नाही. खाटेवर बसला आणि म्हणाला, "ते पाटी इकडे कर."

"कोणती पाटी?"

"काळी. मी लिवतो. तू नाई."

मंजुषाने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. इंग्रजी अक्षरे त्याला शाळेतल्या बावीस वर्षांनी दिली होती, पण ती ओळखीची होती, मैत्रीची नव्हती. एका बोटाने तो एकेक अक्षर शोधू लागला. पहिलाच शब्द म्हणजे फाइल लहान करणाऱ्या त्या अवजाराचे नाव, त्यात एफ दोनदा. त्याने एकदाच दाबला. खालून एक रागीट ओळ आली, की असे कोणी इथे नाही. "रागावली," तो म्हणाला. "छाया मास्तरीन बरी. ते हातावर पट्टी मारे, पण वळख ठेवे." पुन्हा सुरुवात केली. मंजुषा त्याच्या पाठीमागे उभी राहिली. तिला घाई नव्हती, पण तिला राहवेना. "वजाबाकीची खूण," ती हळूच म्हणाली. त्याने खूण शोधली. "आय." त्याने आय दाबला. "आता जागा सोडा." त्याने जागा सोडली. ती अगदी हळू बोलत होती, म्हाताऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून, आणि उजव्या बाजूने. चंद्रभानचे बोट मध्येच थांबले. त्याने मागे वळून पाहिले नाही. डोळ्यांत आलेले पाणी त्याने बोटाने निपटले आणि ते ओले बोट सदऱ्याला पुसले, मशीनला ओल चालत नाही म्हणून.

"आता आकडा," मंजुषा म्हणाली. "आधी मी चोवीस टाकला होता. कमी आकडा म्हणजे जास्त फेकणार, फाइल लहान. जास्त आकडा म्हणजे कमी फेकणार. कोणता टाकता?"

"आजीच्या बांगड्या राह्यल्या पाह्यजे असा."

"एकशे ब्याण्णव टाका. पण मंग ऐंशी-नव्वद एमबी होईन, नत्थू आजोबाइकडे जाणार नाई."

"मी जातो ना. एसटी हाय अजून." त्याने एक, नऊ, दोन दाबले. मग तो थांबला. "मंजू, यात अजून बी काई आयकू येईन लोकाइले."

"मले माहीत आहे," मंजुषा म्हणाली. "मी दोन दिवस हेडफोन लावून तेच तं आयकून राह्यली होती."

चंद्रभानने हळूहळू मान वळवली. "मंग बोलली काऊन नाई?"

"तुमची कॅसेट होय आबा. म्हटलं, तुमचं तुम्ही पाहान."

ही पोरगी कोणाची नात आहे ते त्याला कळले. त्याने बटण दाबले आणि मुंग्या निघाल्या.

पुढच्या रविवारी जामला गाडी बदलून दोघे गावी पोचले तेव्हा सदऱ्याच्या खिशातला पेन ड्राइव्ह त्याने वाटेत अकरा वेळा चाचपला होता. विहारात पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, निळे झेंडे, नत्थूची धावपळ. "जय भीम चंद्रभानजी. फोनवर पाठवला असता तं इतका तरास झाला नसता." चंद्रभान म्हणाला, "जय भीम. नाई मावे तुह्या फोनमंधी." फीत कापली, वंदना झाली आणि भोंगा खाकरला. ओट्यावरचे तेहतीस वर्षांपूर्वीचे ऊन गावावर पसरले. चंद्रभान खुर्चीत बसून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

विहिरीचे, असे वच्छला सगळ्या गावाला म्हणाली. मग चंद्रभान म्हणाला. पाणी, वच्छला म्हणाली. मागे कोणी तरी हसले. मग बांगड्या वाजल्या, केवढ्या मोठ्याने, आणि सगळे थांबले, आणि वच्छला जरा धापेने म्हणाली, गा-ळू-न. आता हसू बायांच्या अंगाकडून पुरुषांच्या अंगाकडे सरकत गेले, पाटातून पाणी सरकते तसे. चंद्रभान पहिल्यांदा मान वर करून पाहू लागला आणि त्याला नवल वाटले. लोक हसत होते, पण चकित कोणीच झाले नव्हते. पहिल्या रांगेत वच्छलाची मैत्रीण आनंदाबाई बसली होती, बोळक्या तोंडाची. डोळे पुसत होती.

"आनंदाबाई," त्याने वाकून विचारले, "तुमाले माहीत होतं?"

"मी तिच्या बाजूलेच बसली होती नाई का," आनंदाबाई म्हणाली. "आमाले सगळ्याइलेच माहीत होतं. छायाले बी."

"नत्थूले?"

"नत्थू कुठी बह्याड हाय, इतकं बी न समजाले?"

"मंग मले इतक्या वर्षात कोणी सांगतलं काऊन नाई?"

"वच्छलानं शपथ घातली होती ना, बावा. म्हणे, जो सांगन त्याले मी वाचून दाखवीन नाई." आनंदाबाईने पदर तोंडाला लावला. "माह्या पोराचे सगळे पत्र तिनंच वाचले मले. वावरात, बांधावर बसून. तुम्ही वर्ध्याले ड्युटीवर राहे तवा."

चंद्रभान इतका हसला की खुर्ची हलली आणि विहाराच्या छपरावरची कबुतरे उडाली. नत्थू पुस्तक घेऊन आला. पद्धत अशी ठरली होती, की वाचनालयातले पहिले पुस्तक उघडून पाहुण्याने चार ओळी वाचायच्या. नवे कोरे पुस्तक होते, आत शाईचा वास. माईक समोर आला. चंद्रभानने पान उघडले, पहिला शब्द पाहिला. तो त्याला येत होता, चांगला येत होता. तरीही उजवीकडे थोडा कान देऊन तो जरा वेळ थांबला, आणि मग वाचू लागला.